पंधराव्या वर्षी पोराला परमुलखात धाडावं का? (घोडा, जॉकी आणि आमचा पुतण्या)

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही विट्याकडचे. घरात तीन पिढ्या गलाईचा (सोनं-चांदी गाळायचा) धंदा, दुकान कोइमतुरात. मी गावी जत्रेला आणि दिवाळीला, एवढाच. विषय पुतण्याचा आहे. वय १५, यंदा दहावीत. उंची चार फूट अकरा इंच, वजन ४१ किलो. कबड्डीला त्याला कुणी संघात घेत नाही. पण शेजारच्या बापूंच्या दोन शर्यतीच्या घोड्या आहेत, त्यांना पहाटे येरळेच्या पात्रात फिरवून आणायचं काम हा तीन वर्षं करतोय. खोगीर नाही, पाठीवर नुसती पोत्याची घडी.

यंदा जत्रेला पुण्याच्या रेसकोर्सवर तबेला सांभाळणारे एक गृहस्थ आले होते. त्यांनी याला पाहिलं ते शर्यतीत नव्हे, शर्यत संपल्यावर. घोडी बिथरलेली, तोंडाला फेस, माणसं लांब पळतायत आणि हा लगाम ढिला सोडून तिच्या मानेशी काहीबाही बोलत तिला गोल गोल फिरवत होता. गृहस्थ दादाला म्हणाले, 'हे पोरगं माझ्याकडे द्या.'

तेव्हापासून घरात दोन तट. दादा म्हणतो आधी दहावी, मग आयटीआय, मग बघू. वहिनी काहीच बोलत नाही, ते जास्त अवघड. आणि पोरानं जेवण अर्ध्यावर आणलंय. रुसून नव्हे, वजन वाढू नये म्हणून.

या निमित्तानं मी फ्रँकी डेटोरी या नामांकित जॉकीबद्दल बरंच वाचून काढलं. मिलानचं पोर, जन्म डिसेंबर १९७० चा. १९८५ साली, चौदा वर्षांचा असताना बापानं त्याला इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला लुका कुमानी या ट्रेनरच्या तबेल्यात धाडला. इंग्रजीचा गंध नाही. पडेल ते काम, लीद उचलण्यापासून. पहिली शर्यत जिंकली ती मायदेशात, ट्युरिनला, नोव्हेंबर १९८६ मध्ये. सोळा पूर्ण व्हायला महिना बाकी होता. इंग्लंडमधली पहिली जून १९८७ मध्ये, गुडवुडला, 'लिझी हेअर'वर बसून. १९८९ ला शिकाऊ जॉकींमध्ये पहिला.

तर प्रश्न असा की इतक्या कोवळ्या वयात पोराला परमुलखात धाडणं यात पोराचं भलं किती आणि घरच्यांची हौस किती? अनुभव असेल त्यांनी मोकळेपणानं लिहा. शिव्या दिल्या तरी चालतील.

आदत_दुसा

पाठवा की राव, इचारताय काय! आमच्यात बैलगाडी शर्यतीत ड्रायव्हर पोरं बारा-तेराव्या वर्षी छकडीवर चढत्यात. वजन कमी म्हणूनच घेत्यात त्यास्नी. बैल आदत (दुधाच्या दातांचा) असतानाच कळतंय पळणारा हाय का न्हाई. चौसा (चार दाती) झाल्यावर काय कळायचंय?

मास्तर_तासगाव

आदत_दुसा, बैलाचे दात मोजून वय ठरतं, मुलाचं दहावीच्या हॉलतिकिटावर. चौदा पूर्ण नसलेल्या मुलाला कामाला ठेवणं हा गुन्हा आहे आणि चौदा ते अठराला धोक्याची कामं चालत नाहीत. बारा वर्षांचं पोर छकडीवर चढवता हे इथं अभिमानानं लिहू नका.

येरळाकाठ, तुमचे दादा बरोबर आहेत. मार्चपर्यंत थांबा. घोडे कुठे पळून चाललेत?

कंदीपेढा

घोडे पळूनच चाललेत मास्तर, त्यांचा धंदाच तो आहे.

मास्तर_तासगाव

😀 मान्य.

सांगलीकर७१

तरुणपणी मी पुण्याची रेस नेमानं करायचो. पावसाळ्यात पुणे, थंडीत मुंबईचं महालक्ष्मी, असं त्या मंडळींचं वर्ष चालतं. सांगलीहून पहाटेच्या एसटीनं जायचं आणि परतीचे पैसे सकाळीच बायकोच्या भावाकडे ठेवायचे. हा नियम मी एकदाच मोडला आणि स्वारगेटला रात्र काढली. त्या काळात पेसी श्रॉफ रेस मारायचा. आठ इंडियन डर्ब्या त्याच्या नावावर. पब्लिक घोड्याचं नाव वाचायचंच नाही, पेसी कशावर बसलाय एवढंच बघायचं.

पण येरळाकाठ, फ्रँकीची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. बाप कोण हे लिहिलंच नाही. जानफ्रांको डेटोरी, इटलीचा तेरा वेळा चॅम्पियन जॉकी. त्यानं १९७५ ला 'बोलकोन्स्की' आणि १९७६ ला 'वोलो'वर इंग्लंडची टू थाउजंड गिनीज ही मोठी शर्यत लागोपाठ मारली. कुठे? याच न्यूमार्केटला. आणि कुमानी? तोही मिलानचाच. म्हणजे बापाचं नाव तिथं आधीच पोचलेलं, तबेल्याचा मालक आपल्या भाषेत ओरडणारा. याला परमुलूख म्हणत नाहीत, मामाच्या गावाला जाणं म्हणतात. थंडी जास्त, एवढंच.

सर्कशीतून पळून आलेलं अनाथ पोर असल्यासारखं लोक त्याच्याबद्दल बोलतात. आई मात्र खरंच सर्कशीतली होती.

येरळाकाठ

सांगलीकर७१, बापाचं वाचलं होतं, मुद्दाम गाळलं नाही. पण तुम्ही म्हणता तसं त्याकडे बघितलं नव्हतं.

गलाईचा_पोरगा

धागाकर्त्यांच्याच भागातला आहे म्हणून लिहितो. जॉकीबद्दल मला शून्य माहिती.

मला तेराव्या वर्षी मदुराईला धाडलं. आत्याचे दीर तिकडं होते. मिरजेतून गाडीत बसवलं, बरोबर गावचाच एक माणूस. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, वर माळा. माळ्यावर चौघं झोपायचो, खाली भट्टी. पहिले आठ महिने मी सोन्याला हात लावला नाही. चहा आणायचा, मूस पुसायची, सोनारगल्लीतून आलेली माती चाळायची. एकदा तेजाबाची बाटली उचलताना झाकण सैल होतं. डाव्या मनगटावर अजून डाग आहे, घड्याळ त्याच्यावर बांधतो. शेठनं आधी शिवी दिली, मग स्वतः पाण्याखाली हात धरून उभा राहिला. कितीतरी वेळ. तमिळ शिकलो ते शिव्यांपासून.

सांगायचं ते हे. मी टिकलो कारण रविवारी आत्या जेवायला बोलवायची. आमच्याबरोबर आलेला एक पोरगा होता, त्याचं तिथं कुणी नव्हतं, ओळखीच्या ओळखीनं आलेला. चार महिन्यांत पळाला. गावी पोचला तेव्हा घरच्यांनी त्यालाच बोल लावला.

त्यामुळं तुमचा प्रश्न मला नीट वाटत नाही. धाडावं का यापेक्षा तिकडं रविवारी जेवायला कोण घालणार ते बघा.

हळद_आणि_कुंकू

गलाईचा_पोरगा, डोळ्यात पाणी आणलंत.

येरळाकाठभाऊ, तुमच्या सगळ्या धाग्यात वहिनी एका ओळीत आहेत, तीही 'काहीच बोलत नाही' म्हणून. कुणी विचारलंय का त्यांना? माझा मुलगा पुण्यात होस्टेलला गेला तेव्हा अठरा वर्षांचा होता, तरी मी महिनाभर त्याचं ताट मांडत होते. आणि वाढत्या वयातलं पोर अर्धं जेवतंय हे घरात कुणी गंभीरपणे घेतंय की नाही? ते आधी थांबवा. तुमचा तो फ्रँकी नंतर.

आदत_दुसा

ताई बरोबर हाय तुमचं. पर जॉकीला उपाशीच ऱ्हावं लागतं म्हणं?

नालबंद

लागतं, पण पंधराव्या वर्षी नाही. मी मिरजेचा. वीस वर्षं पुणे-मुंबई रेसच्या घोड्यांना नाल मारले, आता घरी आहे. हा विषय माझा, म्हणून जरा सविस्तर.

रेसमध्ये बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या. घोडा जितका चांगला तितकं वजन जास्त, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. जॉकी खोगिरासकट काट्यावर उभा राहतो, कमी भरला तर खोगिराखालच्या कापडात शिशाच्या पट्ट्या घालतात. शर्यत झाल्यावर पुन्हा काट्यावर. फरक पडला तर जिंकलेली शर्यत हातची जाते.

आता नवशिक्या पोराला चांगला घोडा कोण देईल? कुणीच नाही. म्हणून शिकाऊंना वजनात सूट असते, तिला क्लेम म्हणतात. इंग्लंडचा हिशोब असा: २० शर्यती जिंकेपर्यंत ७ पौंड सूट, ५० पर्यंत ५ पौंड, ९५ पर्यंत ३ पौंड. ७ पौंड म्हणजे तीन किलोच्या वर. मालक म्हणतो, पोरगं कच्चं आहे पण घोड्याच्या पाठीवरचं ओझं तर उतरलं. या सुटीवर पोरं वर येतात. आणि सूट संपली की तोच मालक विचारतो, आता तुझ्यात काय खास? पाच-सहा पोरं मी अशी पाहिली, शिकाऊ असताना पेपरात फोटो, क्लेम संपल्यावर दोन वर्षांत सकाळच्या कामाला. रोज घोडे पळवायचे, शर्यतीत दुसरा बसणार.

म्हणून सांगलीकर७१ यांना सांगतो, बापाच्या ओळखीनं दार उघडलं हे खरं, पण पुढचं बापानं नाही केलं. फ्रँकी शिकाऊंमध्ये पहिला आला १९८९ ला. कुमानीचा मुख्य जॉकी रे कॉक्रेन दुसऱ्या तबेल्यात गेला, जागा याला मिळाली. आणि १९९० मध्ये, सूट नाही, मोठ्या तबेल्याचं ओझं डोक्यावर, वय एकोणीस, तेव्हा त्यानं १४१ शर्यती मारल्या. विशीच्या आत एका सीझनला शंभर, हे लेस्टर पिगॉटनंतर कुणालाच जमलं नव्हतं. त्याच सप्टेंबरात अॅस्कॉटला 'मार्कऑफडिस्टिंक्शन'वर क्वीन एलिझाबेथ स्टेक्स ही मोठी शर्यत. लोक त्याच्या १९९६ च्या, एकाच दिवशी जिंकलेल्या सातपैकी सात शर्यतींबद्दल बोलतात. माझ्या मते त्याचं खरं वर्ष १९९०.

येरळाकाठ, एक विचारायचं राहिलं. तुमच्या दादांची उंची किती?

कंदीपेढा

सूट संपली की किंमत कळते. हे तर आमच्या सगळ्या जावयांना लागू आहे.

एक सूचना, पोराला चुकूनही सातारला उतरू देऊ नका. एका पेढ्यात अर्धा क्लेम जाईल.

सांगलीकर७१

सांगलीत तरी काय! भडंगाचं वजन नसतं हा फक्त गैरसमज.

नालबंद, १९९० चा मुद्दा मान्य. पण घोडा काय, तबेला काय, मिळायला आधी दारात उभं राहता आलं पाहिजे की नाही?

केंब्रिजवासी_मिरजकर

धागा वाचून गंमत वाटली, कारण न्यूमार्केट माझ्या घरापासून वीस किलोमीटरवर आहे. रेसशी संबंध नाही, पण पाहुणे आले की मी त्यांना पहाटे तिकडं नेतो. कॅसलपेक्षा लोकांना तेच आवडतं.

गावात साधारण तीन हजार रेसचे घोडे. पहाटे तबेल्यांतून रांगाच्या रांगा निघतात, गावातल्या रस्त्यांवर घोड्यांसाठी वेगळे सिग्नल आहेत आणि त्याचं बटण घोड्यावर बसलेल्याच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. गाड्या थांबतात, कुणी हॉर्न वाजवत नाही. वॉरन हिलच्या पायथ्याशी उभं राहिलं की आधी आवाज येतो, घोडा नंतर दिसतो. श्वासाचा आवाज. थंडीत नाकपुड्यांतून वाफ.

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या धुक्यातून 'अरे आराम से, आराम से' असं ऐकू आलं. मला वाटलं भास झाला. आता माहीत आहे, तिथल्या तबेल्यांत आपल्याकडची बरीच पोरं सकाळचे घोडे पळवायला आहेत. राजस्थानची जास्त. एकजण पुण्याला काम केलेला भेटला, मराठी समजायचं त्याला. कॉफी घेतली. पगार वेळेवर, राहायला खोली, गावी घर बांधलं म्हणाला. मी विचारलं, शर्यतीत कधी बसणार? हसला. म्हणाला, 'साब, मैं उनको तैयार करता हूँ, बैठता कोई और है.'

नालबंद म्हणतात ते सकाळचं काम, ते हेच. वाईट नाही. पण पुतण्याच्या डोक्यात जे चित्र आहे ते हे नक्की नसणार.

झाडाखालचा_पंच

इथं सगळे फ्रँकीलाच धरून बसलेत, म्हणून दुसरं उदाहरण देतो. सिल्व्हेस्त्रे द सौझा. ब्राझीलच्या मारान्याओ प्रांतातला, शेतकऱ्याघरचा, दहा भावंडं. साओ पावलोत शिकाऊंमध्ये पहिला आलेला. २००४ ला आयर्लंडला गेला, डर्मट वेल्डच्या मोठ्या तबेल्यात. तिथं काय मिळालं? सकाळचं काम. शर्यतीत बसवेना कुणी. तेविशी-चोविशीतला माणूस, भाषा येत नाही, मायदेशात चॅम्पियन होता हे कुणाला माहीत नाही. मग इंग्लंडच्या उत्तरेला डँडी निकोल्सच्या तबेल्यात गेला, जानेवारी २००६ मध्ये साउथवेलला तिथली पहिली शर्यत जिंकली. चॅम्पियन जॉकी कधी? २०१५ ला, चौतिसाव्या वर्षी. पुढे २०१७ आणि २०१८ लाही.

आता दोघांची सुरुवात शेजारी ठेवून बघा. गलाईचा_पोरगा यांची आत्या फ्रँकीला होती, सिल्व्हेस्त्रेला नव्हती. चॅम्पियन झाला तेव्हा हा फ्रँकीच्या तेव्हाच्या वयापेक्षा अकरा वर्षांनी मोठा होता.

गलाईचा_पोरगा

आत्या हे आता मापच झालं की.

आदत_दुसा

बैलगाडीत बी हेच. कुणाच्या दावणीचा ड्रायव्हर हाय त्यावर गट (पहिली फेरी) पास. २०१४ ला बंदी आली तवा आमच्याकडली ड्रायव्हर पोरं ऊसतोडीला, सेंट्रिंगला गेली. २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं परवानगी दिली तवर निम्म्यांची वजनं साठ-सत्तर. छकडी मोडंल का र्‍हाईल! आता नवी पोरं.

शेती_उद्या

बैलांचा विषय निघालाच आहे तर विचारतो, बंदी उठल्यावर खोंडांच्या किमती कुठं गेल्यात बघितल्या का? आमच्या पावण्यांनी एका खोंडापायी द्राक्षबाग गहाण टाकली.

आदत_दुसा

फायनलला आला का खोंड?

शेती_उद्या

गटात बी न्हाई.

मास्तर_तासगाव

बैलांचा वेगळा धागा काढा. इथं पोराचं चाललंय.

नालबंद

काढा, पण परदेशी पोरांचं निघालं आहे तर माझ्या आवडत्या जॉकीबद्दल चार ओळी लिहू द्या. स्टीव्ह कॉथन. अमेरिकेतला, केंटकीचा, आणि बाप आमच्याच धंद्यातला, नालबंद! लहानपणी गवताच्या गठ्ठ्यावर बसून चाबूक फिरवायचा सराव करायचा. सोळाव्या वर्षी, मे १९७६ ला चर्चिल डाउन्सवर पहिली शर्यत, शेवटून पहिला. पाच दिवसांनी पहिला विजय. पुढच्या वर्षी ४८७ शर्यती जिंकल्या. अठराव्या वर्षी 'अफर्म्ड'वर अमेरिकेचा ट्रिपल क्राउन, म्हणजे तिथल्या तीन मोठ्या शर्यती एकाच वर्षात. त्यानंतर ते ३७ वर्षं कुणालाच जमलं नाही.

आणि लगेच घसरला. लागोपाठ ११० शर्यतींत हार. वर्षापूर्वी मासिकांच्या मुखपृष्ठावर असलेलं पोर, आणि लोक हसतायत. तेव्हा एका इंग्लिश मालकानं बोलावलं, एप्रिल १९७९ मध्ये देश सोडून गेला. तिथं सगळंच उलटं. अमेरिकेत मैदान सपाट, माती, डावीकडंच वळण. इंग्लंडमध्ये गवत, चढउतार, प्रत्येक मैदानाची तऱ्हा निराळी. सॉल्सबरीला पावसात, चिखलात पहिल्याच शर्यतीला घोडा पहिला आणला. मग बसण्याची ढब बदलली, पाच वर्षांत तिथला चॅम्पियन. १९८५ आणि १९८७ ला डर्बी. त्याला परमुलखानं वाचवलं असं मला वाटतं. जिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही तिथं नव्यानं शिकायला लाज वाटत नाही.

वजनानं मात्र त्याला शेवटपर्यंत छळलं. बत्तिशीतच थांबला. म्हणून पुन्हा विचारतो, दादांची उंची किती?

हळद_आणि_कुंकू

ही सगळी जिंकलेल्यांचीच यादी आहे हो. आणि त्या फ्रँकीचं पुढं काय झालं, सगळं गोडच का?

सांगलीकर७१

नाही. १९९३ ला बावीस वर्षांचा असताना हाँगकाँगला मोठ्या करारावर जायचं ठरवलं, कुमानीशी बिनसलं. त्याच सुमाराला लंडनमध्ये पोलिसांना त्याच्याकडे थोडं कोकेन सापडलं. समज देऊन सोडलं, पण हाँगकाँगवाल्यांनी दार लावून घेतलं. म्हणजे जुनं घर सोडलेलं, नवीन हातचं गेलेलं. पुढच्याच वर्षी २३३ शर्यती जिंकून चॅम्पियन झाला, म्हणून आज आपण ते हसत सांगतो. नसता झाला तर?

आणि ज्या कॉक्रेनची जागा त्याला मिळाली होती ना, त्याच कॉक्रेननं जून २००० मध्ये न्यूमार्केटला विमान पडलं तेव्हा त्याला जळत्या विमानातून ओढून काढलं. पायलट बिचारा गेला. मी तेव्हा रेस सोडून दहा वर्षं झाली होती, तरी बातमी कापून ठेवली होती.

कंदीपेढा

काका, रेस सोडून दहा वर्षं, आणि कात्रण कशासाठी?

सांगलीकर७१

बायको हा धागा वाचत नाही ना?

झाडाखालचा_पंच

येरळाकाठ गायब आहेत. धागा काढून पळालेला घोडा.

येरळाकाठ

पळालो नव्हतो, पुण्यात होतो. सगळ्यांचे प्रतिसाद दादाला वाचून दाखवले. आत्याचा मुद्दा त्याला लागला. म्हणाला, 'बघून तरी येऊ.' हळद_आणि_कुंकू ताई, वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, 'मी येते.' एवढंच. आणि आल्या.

पहाटे साडेचारला तबेल्यावर पोचलो. पाऊस भुरभुरत होता. पोराला घोड्यावर बसवतील म्हणून तो रात्रभर झोपला नव्हता. बसवलं नाही. एका म्हाताऱ्या मोतद्दाराच्या (घोडे सांभाळणाऱ्याच्या) हाताखाली दिला. सकाळभर बादल्या, गवत, लीद. मग एका घोड्याच्या पायावर पाइपनं गार पाणी सोडत बसायचं, पाऊण तास, हलायचं नाही. कामावरून आलेल्या घोड्यांचे पाय असे थंड करतात म्हणे. मी आणि दादा उभं राहून कंटाळलो. पोरगं नाही कंटाळलं. घोड्यानं त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवली होती आणि हा तसाच बसून. वहिनी लांबून बघत होत्या. त्यांनी मोतद्दाराला विचारलं, पोरं राहतात कुठं, जेवण कोण करतं, आजारी पडलं तर कोण नेतं. मी तीन महिन्यांत यातलं एकही विचारलं नव्हतं. खोली दाखवली, चांगली होती. जेवण मेसचं. मोतद्दाराची बायको खाली राहते, ती म्हणाली रविवारी आमच्याकडं.

दुपारी गृहस्थ भेटले. माणूस सरळ वाटला. त्यांनी पोराला काट्यावर उभं केलं, ३९ भरला. दोन किलो उतरवून आलाय. ते चिडले. म्हणाले, उपाशी पोर माझ्या घोड्यावर चढत नाही, ४४ होऊन ये. मग नालबंद, तुमचाच प्रश्न विचारला. दादाची उंची. पाच फूट नऊ. वहिनींचीही त्यांनी डोळ्यांनीच मोजली. मग खाली वाकून पोराचे पाय बघितले, बुटाचा नंबर विचारला. आठ.

गप्प झाले जरा. म्हणाले, दहावी होऊ दे, जूनमध्ये आण. तोपर्यंत किती वाढतो बघू. वाढला तर जॉकी नाही होणार, पण घोड्याला हात लावायला उंची लागत नाही, ट्रेनरकडं शिकेल. नाही वाढला तर मी आहेच.

नालबंद

माणूस चांगला आहे. सोडू नका.

मास्तर_तासगाव

मार्चपर्यंत थांबा हे मी आधीच म्हणालो होतो. नोंद असावी.

गलाईचा_पोरगा

रविवारच्या जेवणाचं ठरलं म्हणजे निम्मं काम झालं. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

आदत_दुसा

जेवाय लागला का पोरगा?

येरळाकाठ

लागला. येताना वाटेत तीन भाकरी खाल्ल्या, दादा बघतच राहिला.

पण काल वहिनींचा फोन होता. शाळेचे बूट फाटले म्हणून पोराला दादानं विट्याच्या बाजारात पाठवलं. घेऊन आलाय, सात नंबरचे. दुकानात आठचे होते. म्हणतो हेच बसतात.

हळद_आणि_कुंकू

अहो, पायाला फोड येतील त्याच्या. उद्याच बदलून आणा.